विहीणबाई आणि माझा गळ

३ फेब्रुवारी, सोमवार

ईश्वरने खताच्या दुकानातून ही डायरी आणून दिली. वर कापसाचं मोठं बोंड छापलंय. सूनबाई म्हणाली, "माय, तुम्ही दिवसभर माझ्याशी जे बोलता ते यात लिहा. तेवढाच माझ्या कानांना आराम." हसून म्हणाली हो. उषा शाळेत बाई आहे, तिला सगळ्यांना लिहायला लावायची खोड. मी तिसरी पास. चौथीचा पेपर होता त्या दिवशी अवकाळी पावसाने नदीला नवं पाणी आलं होतं आणि गळाला वाम मासळी लागत होती. मग कोण जातं पेपरला.

पण ही वही उषाला दाखवायची नाही. ज्वारीच्या कोठीमागे ठेवणार.

बातमी अशी की उषाची आई येतेय. पाच वर्षांत पहिल्यांदा. उषाला आता आठवा लागेल, रक्तदाब वाढलाय, शिरपूरच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय की पडून राहायचं, प्रवास नाही, डोक्याला त्रास नाही. पहिलं बाळंतपण खरं माहेरी असतं. पण हिला माहेर आहे कुठं? ईश्वरशी लग्न केलं तेव्हाच तिचे वडील प्रेमराज आबा म्हणाले, त्या घराची मी पायरी चढणार नाही आणि तिने माझ्या घराची चढू नये. ते एरंडोलकडचे माळकरी. आम्ही तापीकाठचे, आठवड्यातून चार दिवस मासा. पोरगी अजूनही मासा खात नाही, पण पाच वर्षांत एकदा नाक मुरडलं नाही तिने. असली सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.

काल तिच्या आईचा फोन आला. "मी येते. पण घरात मासळी आली तर त्याच दिवशी निघेन." उषाने फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मूल होईपर्यंत घरात मासा येणार नाही.

घेतली खरी. माझा हात मात्र तेव्हापासून खाजतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

तवे राखेने घासले. घरभर कडुनिंबाचा धूर केला. ईश्वर खोकत बाहेर पळाला, म्हणाला, "माय, डास मारते का आम्हाले?"

माझी गळाची काठी शेजारच्या मंदाबाईच्या गोठ्यात नेऊन ठेवली. नऊ हाती वेळूची काठी आहे, ईश्वरच्या बापाने सातपुड्यातून आणलेली. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, काठी अजून सरळ आहे. दोरीला तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा, म्हणजे वाळल्या ताटाचा, तुकडा बांधते. हल्लीची मुलं रंगीत प्लास्टिक बांधतात. धांडा नुसता बुडत नाही, आधी थरथरतो, मग आडवा होतो, मग जातो. त्यावरून खाली कोण आहे ते कळतं. प्लास्टिकला काय कळतंय.

रात्रभर विचार केला. शपथ घेतली ती घरात मासा आणायचा नाही अशी. नदीवर जायचं नाही असं कुठं म्हटलं मी?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विहीणबाई आल्या. नाव सुलक्षणा. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान असतील, पण ताठ. गळ्यात तुळशीची माळ. स्वतःचा तवा, स्वतःची पातेली, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची.

मी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या."

"आणलंय."

जरा लागलं मनाला. पण त्या खाटेपाशी गेल्या, आधी उषाचे पाय बघितले. "किती सुजलेत गं," म्हणाल्या आणि खाली बसून दोन्ही पाय मांडीवर घेतले.  मी बाहेर येऊन उगाच अंगण झाडलं. दोनदा झाडलं.

पाणी नाही घेतलं तर नाही घेतलं. आल्या ना.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले मी! उजाडता उजाडता गेले. बंधाऱ्यामुळे आपल्या काठाला पाणी भरलेलं असतं, उंबराच्या खाली डोह आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी तिथं सरकीच्या ढेपेचा चुरा टाकून ठेवावा, सकाळी मासा जेवायला हजर. मूठभरच टाकायचा. पोटभर घातलं तर तुमच्या गळाकडे कशाला बघेल?

एक राहू मासा लागला. किलोभर असेल. वर काढला, हातात धरला आणि मग सुचलं, आता याचं करू काय? घरी नेता येत नाही. साठ वर्षांत कधी असा प्रश्न पडला नव्हता मला. शेवटी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकटा जातो आणि मग तो सडतो, त्याला पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे केलं, आणि सोडला. क्षणभर तो तिथंच थांबला, जणू म्हणत होता, खरंच जाऊ?

जा बाबा.

मन रिकामं झालं आणि भरलंही. नीट लिहिता येत नाही मला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विहीणबाईंनी आज धरलंच. "रोज सकाळी कुठं जाता?"

"देवळात."

"देऊळ तर इकडं वर आहे. तुम्ही खाली जाता."

"लांबून जाते. पायाला व्यायाम."

त्यांनी माझ्या लुगड्याच्या काठाकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत ओला. म्हणाल्या, "उद्यापासून मी पण येईन. कपडे धुवायला."

घरात ईश्वरने घेतलेलं मशीन आहे. मी म्हटलं तसं. म्हणाल्या, मशीनने कपडे स्वच्छ निघत नाहीत. पाळत ठेवणार आता माझ्यावर, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस झाले. त्या धुण्याच्या दगडावर, मी तिथून पन्नास पावलांवर उंबराच्या आड. दिसते मी त्यांना, माहीत आहे मला. पण काही बोलत नाहीत. एकच पातळ तासभर धुतात. इतकं स्वच्छ पातळ अख्ख्या धुळे जिल्ह्यात नसेल.

आज मात्र एकदम आवाज आला. "विहीणबाई, तुमची सावली पाण्यावर पडतेय!"

मी दचकले. उन्हाची काळजी वाटली असेल माझी. म्हटलं, मला ऊन लागत नाही हो. तरी जरा मागे सरकले, त्यांचा मान म्हणून. सरकले आणि लगेच दोन लागले. सोडले दोन्ही. सोडताना बघितलं तर त्या पिळा हातात धरून उभ्या, पाणी सगळं पायावर निथळतंय, लक्ष नाही.

राग आला असेल. पण घरी गेल्यावर उषाशी काही बोलल्या नाहीत. मनाने चांगली बाई आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बिबड्या केल्या आज, ज्वारीचे पापडच ते. म्हणजे त्यांनी केल्या, मी वाळत घातल्या, उषाने खाटेवरून हुकूम सोडले. ज्वारी तीन दिवस भिजवून, कांडून, तिचा घाटा शिजवला. तीळ, जिरं, लसूण, तिखट. त्यांच्या हाताला चव आहे, वासावरूनच कळतं. माझ्या हातचं त्या अजून खात नाहीत.

आता खरं सांगते. मी थोडा घाटा चोरला. गळाला लावायला त्याच्यासारखं काही नाही, चिकट असतो, पाण्यात लवकर सुटत नाही, आणि लसणाच्या वासाला राहू लांबून येतो. पण तिखट घातलेला असला तर मासा तो तोंडात घेऊन थुंकतो. आणि बघा कसं असतं नशीब! तिखट घालायच्या आधीचा एक वाटीभर घाटा त्यांनी वेगळा काढून ठेवला होता, कोपऱ्यात, वर झाकणसुद्धा. उषासाठी असेल म्हणून मी अर्धाच घेतला. उषाला विचारलं तर म्हणे, "मला कुठं आवडतो बिनतिखटाचा घाटा."

मग उरलेलाही घेतला. विहीणबाईंचा अंदाज चुकला असेल. मोठ्या घरातल्या बायकांचं होतं असं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. नदीवर गेले नाही. विहीणबाईंनी त्यांच्या पातेल्यातली भगर मला वाढली. मी दोनदा घेतली. मी केलेलं रताळं मात्र तसंच राहिलं. ईश्वरने खाल्लं.

२ मार्च, रविवार

काय लिहू. 

सकाळी मरळ लागली. मरळ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. ती काठाच्या गवतात लपून बसते. तिला घाटा-बिटा चालत नाही, जिवंत बेडूक लागतो नाही तर छोटी मासोळी. तिने ओढलं की लगेच झटका द्यायचा नाही. बिडी ओढणारा जेवढा वेळ धूर आत धरतो तेवढं थांबायचं. आमचे हे असंच शिकवायचे, बिडी ओढून दाखवून. मी थांबले आणि मग ओढलं. अडीच किलोची! बारा वर्षांत एवढी पाहिली नव्हती.

सोडायची होती. खरंच सोडायची होती. पण मरळ हो! मन झालं नाही. विहीणबाई आज उषाचं डोकं धुवायला घरी थांबल्या होत्या, कोणी बघत नव्हतं. म्हटलं घरात नाही न्यायची ना, नाही नेत. मंदाबाईला दिली. तिच्या सुनेलाही खायची हौस आहे.

दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो, तोच दारात मंदाबाई. हातात झाकलेलं पातेलं.

"अक्का! तुम्हना मासानं कालवण. गरमगरम शे. पहिली वाटी तुम्हले, मग आम्ही."

मी डोळे मोठे केले, हाताने खुणा केल्या. तिला वाटलं मी संकोच करतेय. तिने झाकण काढलं. "लाजता कसाले? मरळ तुम्हीच धरी, मी नुसती शिजाडी! दखा, डोकं तुम्हनासाठे ठेयेल शे."

डोकं वरच होतं. माझ्याकडे बघत होतं.

विहीणबाई ताटावरून उठल्या. मागच्या खोलीत गेल्या. उषा खाटेवर उठून बसली, पांढरी पडली. "माय... तुम्ही शपथ घेतली होती." एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं.

मंदाबाई पातेलं घेऊन परत गेली. बिचारी विचारत होती, काय व्हयनं, मीठ तर बरोबर शे.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन वाजला. आबांचाच, रोज सात वाजता येतो. मी भिंतीला कान लावला, लावला तर लावला. त्या म्हणत होत्या, "नाही. नाही हो. तसलं काही नाही इथं." मग फोन ठेवला. डोकावले तर खाटेवर पिशवी उघडी आणि कपडे बाहेर काढलेले.

चालल्या. माझ्या जिभेने नाही, माझ्या हाताने पोरीचं माहेर दुसऱ्यांदा बंद केलं. उषाचा दाब ईश्वरने मोजला, वाढलाय. मी काठी उद्या नदीत टाकणार.

३ मार्च, सोमवार

पहाटे काठी आणायला मंदाबाईच्या गोठ्यात गेले. काठी घेऊन वळले तर वाटेत विहीणबाई उभ्या. जुनं, विटलेलं नऊवारी नेसलेल्या, कासोटा घट्ट. मला वाटलं प्रवासाला निघाल्या. पण प्रवासाला कोणी असलं नेसतं का?

मी वाकलेच. "विहीणबाई, मला बोला काय ते, पण पोरीला सोडून जाऊ नका. ही काठी मी आता टाकतेय. तुमच्या समोर टाकते."

"कोठे टाकता?"

"नदीत."

"इतली चांगली काठी?" त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. तोलून बघितली, मधे बोट ठेवून. टोक हलवून बघितलं. ज्याने कधी काठी धरली नाही तो तसं बघत नाही हो. म्हणाल्या, "मासा घरात आला नाही. दारात आला, दारातून परत गेला. मी पण घरातच म्हटलं होतं. चला."

वाटेत सगळं सांगितलं. त्यांचं माहेर गिरणेच्या काठी. वडिलांना गळाचा नाद, आणि मुलगी एकच, म्हणून तिला बरोबर न्यायचे. सतराव्या वर्षी लग्न झालं, सासऱ्यांनी माळ घातली. "मासा खाणं सुटलं त्याचं मला काही नाही वाटलं. पण नदी सुटली. घरापासून दोन शेतं टाकून नदी आहे आमच्या, अडतीस वर्षांत एकदा काठाला बसले नाही. बसून करायचं काय? धरला म्हणजे मारला, मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. सोडून देता येतो हे तुम्हाला बघून कळलं."

 मी तर शपथेला फसवायला सोडत होते.

उंबराखाली मी काठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी गळ बघितला. "याचा उलटा काटा घासून टाका. तो असला की मासा फाटतो."

"मग मासा निसटेल ना हो."

"निसटू दे. दोरी ढिली पडू द्यायची नाही, मग नाही निसटत. माझे वडील घासायचे."

दगडावर घासला. माझा नवा कोरा गळ! पण घासला.

घरी आल्यावर त्या थेट उषाजवळ गेल्या. मी बाहेरच. पाच मिनिटांनी उषाने हाक मारली. "माय, दाब उतरलाय. आणि आईच्या पदराला मासळीचा वास येतोय." दोघी अशा हसत होत्या की मला डॉक्टरीण बाईंची भीती वाटली.

९ मार्च, रविवार

आज त्यांना राहू लागला. धांडा थरथरला तशा त्या पुटपुटायला लागल्या. मला वाटलं नामस्मरण. जवळ गेले तर, "थांब नं, थांब नं, घाई कसाले," असं स्वतःलाच सांगत होत्या. मग एकदम ओरडल्या, "अय माय, ऊना! ऊना नं!" मासा आला होता खरा, पण त्या पाय घसरून बसल्या पाण्यात. काठी सोडली नाही. पदर वाहत चाललेला, माळ छातीवर ओली, आणि हसताहेत. दात किती छान आहेत त्यांचे, महिनाभरात आज नीट दिसले.

मासा सोडताना त्याला हात जोडले.

मला एक नवी गोष्ट शिकवली. घाट्यात चिमूटभर बडीशेप कुटून घालायची. आयुष्य गेलं माझं नदीवर आणि हे ठाऊक नव्हतं. मीही त्यांना एक सांगितलं. वारा काठाकडे येत असेल त्या काठाला बसावं, तोंडावर वारा लागतो, पण मासाही त्याच काठाला चारा शोधत येतो. म्हणाल्या, "आणि मी वाऱ्याकडे पाठ करून बसत होते." मी म्हटलं, "म्हणून तर मला जास्त लागत होते." तर मला कोपर मारलं.

१० मार्च, सोमवार

एकादशी. त्या एकादशीला गळ टाकत नाहीत. मग मीही नाही टाकला. दोघी काठाला नुसत्या बसलो. मासे उड्या मारत होते. त्यांनाही माहीत असतं मेले.

१६ मार्च, रविवार

मुलगी झाली! पहाटे कळा सुरू झाल्या, ईश्वरने गाडी केली, शिरपूरला पोचलो आणि दुपारी एकला झाली. उषा ठीक. मुलीचं वजन दोन किलो आठशे. मी म्हटलं, "मरळीपेक्षा जास्त भरली." विहीणबाई म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं," आणि मग हसत बसल्या.

त्यांनी आबांना फोन केला. "मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत." पलीकडून काय बोलले ऐकू आलं नाही. फार काही बोलले नसावेत. उषाने डोळे मिटून घेतले, पण झोपली नव्हती ती.

दवाखान्याच्या बाकावर मी डबा उघडला. भाकरी आणि मेथीची भाजी, मी केलेली. त्यांनी हात पुढे केला आणि अर्धी भाकरी तोडून घेतली. बोलता बोलता. मला वाटतं भूक फार लागली होती त्यांना.

२७ मार्च, गुरुवार

बारसं झालं. नाव प्राजक्ता ठेवलं. ते मला एका दमात लिहिता येत नाही, तीनदा खोडलं.

गाव आलं, मंदाबाई आली, घुगऱ्या वाटल्या. आबा आले नाहीत. उषा सगळ्यांशी हसत होती, पण जरा गाडीचा आवाज आला की रस्त्याकडे बघायची. पाळणा हलवणं थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं.

आबांनी फोनवर सांगितलंय, शनिवारी गाडी पाठवतो, पाडव्याला घरात बाई पाहिजे. विहीणबाई "बरं" म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आपलं काम झालं म्हणजे माणूस जाणारच.

२९ मार्च, शनिवार

सकाळी विहीणबाई म्हणाल्या, "गाडी अकराला येईल. तोवर एकदा जाऊन येऊ." गेलो. ऊन चढलेलं, खरं तर आता उन्हाळ्यात साडेआठनंतर मासा तळाला जातो, तोंड उघडत नाही. पण त्यांचा जीव निघेना. दहा वाजले, सव्वादहा वाजले.

आणि धांडा न थरथरता एकदम गेला. गपकन. काठी वाकून पाण्याला टेकली. मी ओरडले, "कटला! कटला आहे तो!" आठ-दहा किलोचा तरी असणार. नुसता खोल बसून चालायला लागला, बैलासारखा. आणि गळाला उलटा काटा नाही! जरा दोरी ढिली पडली की गेला. विहीणबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या.

तेवढ्यात मागे काठावरून आवाज. "अगं ए!"

बघते तर पांढरं धोतर, टोपी, काळे बूट. मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना, पण ओळखलं, उषाचं नाक अगदी तसंच. गाडीबरोबर स्वतःच आले होते. घरासमोर गाडीतून उतरले नाहीत म्हणे, कोणीतरी सांगितलं बाई नदीवर आहे, तसे खाली आले. मी पदर सावरला.

"हे काय चाललंय?" आबा म्हणाले. आवाज मोठा होता.

विहीणबाईंनी मान वळवली नाही. "दिसत नाही का? मासा लागलाय."

"मासा! माळ घालून?"

"सोडायचाच आहे. पण आधी दमायला पाहिजे तो. मला वेळ लागेल."

"गाडी उभी आहे वर."

"राहू दे उभी. तुम्ही घरी जा. उषाला आंघोळीला जायचं होतं, ती बाळाला घेऊन माझी वाट बघत बसली असेल. तुम्ही घ्या बाळाला तोवर."

"मी? त्या घरी?"

"मग इथं उभं राहून काय करणार? काठी धरता?"

आबांनी काठीकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल, वय झालंय. मी म्हटलं, "आबा, आमची पायरी उंच नाही हो. दोनच आहेत, आणि एक तर झिजलेली."

  आबा मग चढाने वर गेले, हळूहळू, बुटात वाळू शिरलेली.

विहीणबाईंचे हात तेव्हा थरथरायला लागले. कटला जोर करत होता म्हणून असेल. पण तेव्हा तर तो जरा थांबला होता.

वीस मिनिटं झुंजल्या. शेवटी त्याने एकदा पाठ दाखवली, परातीएवढी, काळी, आणि उलटा वळला. दोरी हवेत. गळ रिकामा.

मला रडू यायला लागलं. त्या मात्र काठी खांद्यावर टाकून भराभरा निघाल्या. मासा गेल्यावर एवढ्या घाईने घरी जाताना मी कोणाला पाहिलं नाही.

दारात दोन काळे बूट होते. आत खाटेवर आबा, मांडी घालून, टोपी बाजूला काढून ठेवलेली, मांडीवर प्राजक्ता. तिने त्यांचं बोट धरलेलं, ते बोट सोडवून घ्यायला बघत नव्हते. खाटेखाली आमचा पाण्याचा तांब्या, रिकामा. उषा न्हाणीच्या दाराशी उभी, केस ओले, टॉवेल तोंडाला लावलेला. ती काय करत होती, हसत होती का काय, टॉवेलमुळे कळेना.

 मग आबाच म्हणाले, बाळाकडेच बघत, "गया का?"

"गया," विहीणबाई म्हणाल्या.

"कितला व्हता?"

त्यांनी दोन्ही हात पसरले.

"व्हय, इतला!" आबा म्हणाले. "नदीत मावना कसा मंग?"

उषाच्या तोंडावरचा टॉवेल खाली आला. हसतच होती. आणि रडतही होती, खोटं कशाला लिहू.

दारात गाडीचा ड्रायव्हर आला, डोकं आत घातलं. "आबा, निघायचं का? ऊन व्हई ऱ्हायनं."

आबांनी बाळाचं दुपटं नीट केलं. म्हणाले, "आधी जेवून घे."

मी वांगी भाजायला टाकली. चार टाकली, मग अजून दोन.